मैदानाची किल्ली कोणाकडे?

१८८१ साली मुंबईतल्या शेकडो क्रिकेटवेड्यांनी सरकारदरबारी एक अर्ज केला. तक्रार होती घोड्यांबद्दल. एस्प्लनेडच्या मोकळ्या जागेत पारशी आणि हिंदू मुलं क्रिकेट खेळत आणि त्याच हिरवळीवर आठवड्यातल्या ठरावीक संध्याकाळी गोरे साहेब पोलो खेळत. टापांनी जमीन अशी उखणली जायची की दुसऱ्या दिवशी चेंडू कुठून उसळेल याचा नेम राहत नसे. साहेबांचं स्वतःचं क्रिकेट मात्र बॉम्बे जिमखान्याच्या राखीव मैदानात सुखरूप चालू होतं. तिथे घोड्यांना मज्जाव. शापूरजी सोराबजी या गृहस्थांनी या भांडणाची सगळी हकिगत १८९७ मध्ये पुस्तकात छापली, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे.

निर्णय बराच काळ इकडून तिकडे हेलकावे खात राहिला. पुढे मरीन लाइन्सला समुद्राकाठी पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना भूखंड मिळाले. ते जिमखाने आजही तिथेच आहेत. गंमत अशी की मैदान सगळ्यांना खुलं हवं म्हणून अर्ज-विनंत्या करणाऱ्या समाजांनी स्वतःची जागा मिळाल्यावर आपापलं फाटक लावून घेतलं. सभासदत्व आलं, शिफारस आली. जात तर होतीच. पुण्यात बाळू पालवणकरांना त्यांच्या डावऱ्या फिरकीसाठी हिंदूंच्या संघात घेतलं, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचं कप्तानपद त्यांच्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ साली मिळालं, तेही बऱ्याच वादावादीनंतर.

शहरातले खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात ठेवायचे असा विषय निघाला की बोलणं लगेच फीवर येतं. महिन्याची फी किती, सवलत कोणाला, गरिबांच्या मुलांना माफी आहे का. प्रश्न रास्त आहेत, पण फीचा आकडा सगळ्यात शेवटी ठरतो. त्याआधी जागा कोणाची, तिचं फाटक किती वाजता उघडतं आणि मुलांना शिकवायला संध्याकाळचे दोन तास कोण देतं, हे ठरलेलं असतं. मुंबईत दीडशे वर्षांत खेळ जिथे जिथे स्वस्त राहिला, तिथे जमीन सार्वजनिक होती आणि कोणीतरी आपला वेळ फुकट देत होतं. यातलं एक जरी निसटलं तरी सवलतीच्या योजना फारसं काही सावरू शकत नाहीत.

आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे सगळं एकेकाळी सलग मोकळं रान होतं, तेच एस्प्लनेड. किल्ल्यावर चाल करून येणाऱ्याला आडोसा मिळू नये म्हणून इंग्रजांनी ते रिकामं ठेवलं होतं. तोफेच्या माऱ्यासाठी राखलेली जमीन पुढे पोरांच्या कामी आली, हे शहराचं नशीबच म्हणायचं. आझाद मैदानात क्रिकेटची २२ पीचेस आहेत असं नेहमी सांगितलं जातं. रविवारी तिथे उभं राहिलं की एका सामन्याचा मिडऑफ दुसऱ्या सामन्याच्या फाइन लेगच्या जागी उभा दिसतो. पलीकडच्या मॅचचा चेंडू पायाशी आला की तो उचलून परत फेकायचा आणि पुन्हा आपल्या बॅट्समनकडे वळायचं. परदेशी पाहुण्यांना हा गोंधळ वाटतो. पण एकाच जमिनीवर एका वेळी दहा-बारा सामने बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च आपोआप उतरतो. क्लबचा एक तंबू, एक माळी, एक रोलर, सामन्याआधी मारलेलं पाणी. बाकीचं सामान खेळाडू लोकलने घेऊन येतात.

याच मैदानात फेब्रुवारी १९८८ मध्ये तेंडुलकर आणि कांबळी या शारदाश्रमच्या दोन मुलांनी हॅरिस शील्डच्या सामन्यात ६६४ धावांची भागी केली. ते सगळ्यांना पाठ आहे. कांगा लीगची आठवण मात्र क्वचित निघते. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने १९४८ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा पावसाळ्यात खेळतात. बाकी देशाचं क्रिकेट बंद असतं तेव्हा मुंबईचे क्लब ओल्या, उघड्या विकेटवर, गुडघाभर गवतात चेंडू शोधत सामने उरकतात. ‘ए’ ते ‘जी’ असे सात गट. त्यामुळे रणजीपटूला जागा आहे आणि बँकेत आठ तास घालवून आलेल्या चाळिशीतल्या कारकुनालाही आहे. सुनील गावसकरांनी इंग्लंडच्या दौऱ्यावरून परतल्या परतल्या दादर युनियनसाठी कांगा लीगचा सामना खेळल्याची गोष्ट मैदानावर अजून सांगतात. थोरामोठ्यांना आणि हौशी माणसांना एकाच चिखलात उतरवणारी ही सोय स्वस्तातली आहे, आणि ती टिकली ती क्लबांच्या चिवटपणामुळे.

दादरच्या शिवाजी पार्कची गोष्ट थोडी वेगळी. १९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ म्हणून ते खुलं झालं. दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. सुमारे २८ एकरांचं मैदान, भोवती कट्टा, आणि कट्ट्याला फाटक नाही. कोणीही, कुठूनही, कधीही आत. इथे रमाकांत आचरेकरांची नेट्स चालत. एका सामन्यातला डाव संपला की ते सचिनला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावरच्या सामन्याला नेत. एका दुपारात दोन डाव. खिशातलं पेट्रोल सरांचं आणि वेळही सरांचाच. अशा माणसाची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेली नसते, म्हणून तो निवृत्त झाला की फी कशी वाढली याचं कोडं पालकांना पडतं.

त्याच मैदानाच्या कडेला श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे. तेही १९२५ चंच, काळे गुरुजींनी सुरू केलेलं. संध्याकाळी तिथे गेलं तर पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल चोळणारी मुलं दिसतात. हात सुटणार नाही आणि अंगही खरचटणार नाही, एवढंच तेल लागतं. जास्त झालं तर घसरगुंडी, कमी झालं तर मांड्या सोलवटतात. ते प्रमाण मोठी मुलं लहानांना दाखवून देतात. पुढे सहा-सात वर्षांची पोरगी धावत येऊन खांबावर उडी घेते, पायांची तिढी मारते आणि हात सोडून उलटी लटकते. मागे रांगेत दहा जणी उभ्या. एक खांब, एक दोर, थोडं तेल आणि शिकवणारा माणूस एवढ्यावर अख्खी संध्याकाळ चालते. शिकलेली मुलंच पुढे शिकवणारी होतात, ही या संस्थेची खरी ठेव. उदय देशपांडे यांनी इथे आयुष्य घातलं, अंध आणि अपंग मुलांनाही मल्लखांबावर चढवलं, आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शिवाजी पार्कलाही त्रास कमी नाही. सभा, मेळावे, सोहळे यांचा धडाका असा की २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला. खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले ४५ दिवस ही मर्यादा नंतर आली. गेली काही वर्षं लाल मातीची धूळ हा वेगळाच डोकेदुखीचा विषय झालाय. वारा सुटला की आजूबाजूच्या इमारतींतल्या माणसांना खोकला आणि मैदानात नेट्स लावणाऱ्यांना डोळ्यांत माती. रहिवासी म्हणतात माती काढा, क्रिकेटवाले म्हणतात हिरवळ लावा पण मैदान बंद ठेवू नका. दोघांचंही खरं आहे. गवत रुजायला पाणी लागतं, रोज राबणारा माळी लागतो आणि मैदानाचा एकेक तुकडा आळीपाळीने विश्रांतीला ठेवावा लागतो. फुकटच्या मैदानाचा खर्च असा असतो. तो कोणीतरी करावाच लागतो.

क्रिकेट सोडून गिरणगावात शिरलं की हिशेब आणखी उघडा होतो. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवी, डिलाइल रोड हा कबड्डीचा पट्टा. मंडळाची वर्गणी, गल्लीत ओतलेली माती, चुन्याच्या रेषा आणि वरून सोडलेले दिवे, की झाली स्पर्धा सुरू. गिरण्यांचे स्वतःचे संघ होते, बँकांचे होते, सरकारी खात्यांचे होते. चांगली चढाई करणाऱ्याला नोकरी मिळे, म्हणून घरचेही खेळायला अडवत नसत. शिवाय कामगार कल्याण मंडळाची केंद्रं होती. १९५३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या मंडळाची रचना साधी आहे. कामगाराच्या पगारातून सहा महिन्यांनी काही रुपये, मालकाचे त्याच्या काही पट, आणि त्यातून व्यायामशाळा, वाचनालय, नाट्यस्पर्धा, कबड्डीचे सामने. लाखो माणसांकडून थोडं थोडं घेतलं की कोणा एकाला ते जड जात नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ही घडी विस्कटली ती कायमचीच. नोकऱ्या गेल्या तसे संघ गेले. मग जमिनीचा प्रश्न आला. १९९१ च्या नियमांनुसार गिरणीची जागा विकसित करताना तिचे तीन भाग व्हायचे होते. साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या सार्वजनिक जागेला, तिसरा परवडणाऱ्या घरांना आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी अख्ख्या जमिनीची न होता फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्यांची, असा अर्थ लागला. गिरण्यांच्या आवारात शेड, गोदामं, चिमण्या दाटीवाटीने उभ्या. रिकामं ते किती असणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये तिथेही बदललेला नियम कायम राहिला. जिथे मैदानं झाली असती तिथे मॉल आणि टॉवर झाले. मुंबईतला खेळ महाग का झाला याचं उत्तर हवं असेल तर ते बॅटच्या किमतीत शोधण्याआधी या एका बदलात शोधावं.

आज मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते, असं महापालिकेच्या विकास आराखड्यासाठी झालेल्या पाहणीतून समोर आलं. शहर नियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत दहा ते बारा चौरस मीटर सांगितलेत. सव्वा चौरस मीटर म्हणजे एक बऱ्यापैकी जेवणाचं टेबल. त्यातही उद्यानं, दुभाजकाशेजारच्या बागा आणि कुलूपबंद भूखंड मोजले गेले असतील, तर धावायला उरतं किती?

या टंचाईतून टर्फचा धंदा उभा राहिला. इमारतीच्या गच्चीवर, पार्किंगच्या कडेला, पडीक प्लॉटवर हिरवं प्लास्टिकचं गवत, चारी बाजूंनी जाळी, वर फ्लडलाइट. ॲपवरून बुकिंग. संध्याकाळी तासाला हजार-दीड हजार, चांगल्या वस्तीत त्याहून अधिक. कचेरीतली बारा-चौदा मंडळी मिळून गेली तर माणशी शंभर-सव्वाशे पडतात आणि ती आनंदाने देतात. रात्री दहाला घामाघूम होऊन घरी जाणाऱ्या या लोकांना नावं ठेवण्याचं कारण नाही. त्यांची एक गरज टर्फवाल्याने भागवली. अडतो तो बारा वर्षांचा मुलगा. त्याला रोज खेळायचं असतं, आणि रोजचे शंभर रुपये घरातून कोण देणार? शिवाय टर्फवर घड्याळ लावून खेळतात. तासाची शिट्टी वाजली की पुढची टोळी दारात उभी. हरलेल्या संघाने ‘अजून एक’ म्हणत अंधार पडेपर्यंत मॅच लांबवायची, ही मैदानावरची चैन तिथे नाही.

सामानाचंही तसंच. कबड्डी हा एकेकाळी अनवाणी पायांचा खेळ. आता वरच्या पातळीवर सामने मॅटवर होतात. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, तेवढ्या मॅटला लाख-दोन लाख सहज लागतात, आणि मॅट म्हटली की ती पावसापासून राखायला छत, खेळायला खास बूट. २०१४ मध्ये प्रो कबड्डी टीव्हीवर आली, खेळाडूंना पैसा मिळाला, घराघरात नावं पोचली. ते उत्तमच झालं. पण मातीत सराव करून आलेल्या गल्लीतल्या मंडळाचा मुलगा निवड चाचणीला मॅटवर उतरतो तेव्हा त्याचा पाय वेगळ्याच ठिकाणी अडकतो. जिल्हा संघटनांनी दोन-चार वस्त्यांमध्ये मिळून एक मॅट फिरती ठेवली तरी बरंच काम होईल.

मैदानाच्या किल्लीवरून मुंबईत राजकारणही भरपूर झालंय. महापालिकेला सगळ्या मोकळ्या जागा सांभाळता येत नाहीत, तेव्हा त्या संस्थांना दत्तक द्याव्यात, ही कल्पना नव्वदच्या दशकापासून चालत आली. कागदावर ती वाईट नाही. ओव्हल मैदानाला पूर्वी आलेली अवकळा रहिवाशांच्या संघटनेने पुढाकार घेतल्यावर गेली, आणि तिथे आजही कोणीही स्टंप रोवून खेळू शकतो. पण उपनगरांत काही दत्तक भूखंडांवर क्लबहाऊस उभी राहिली, जलतरण तलाव, बँक्वेट हॉल आले, आणि सभासदत्वाचे आकडे असे की शेजारच्या चाळीतल्या माणसाने फाटकातूनच बघावं. २०१६ मध्ये मोकळ्या जागांचं नवं धोरण महापालिकेत मंजूर झालं, त्यावर एवढी ओरड झाली की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली आणि २१६ भूखंड संस्थांकडून परत घ्यायला सांगितलं गेलं. २०२३ मध्ये पुन्हा मसुदा आला, पुन्हा विरोध झाला. दत्तक देण्याला सरसकट विरोध करणं सोपं आहे. अवघड आहे ते कराराच्या अटी नीट लिहिणं आणि त्या पाळल्या जातात की नाही हे दरवर्षी जाऊन बघणं. आत पक्कं बांधकाम नको, फाटकाच्या वेळा मोठ्या अक्षरात बाहेर लावलेल्या हव्यात, आणि जमा-खर्च वॉर्ड ऑफिसात कोणालाही बघता यावा, इतकं केलं तरी अर्धे वाद मिटतील.

कोल्हापुरात हाच प्रश्न निराळ्या वाटेने सुटलेला दिसतो. तिथे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं कुस्तीच्या आखाड्यांची, आणि त्याच नावांचे संघ शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात. तालमीची इमारत पेठेची, कार्यकर्ते पेठेतले, जर्सी आणि बुटांचा खर्च वर्गणीतून आणि पेठेतल्या दुकानदारांकडून. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या छत्राखाली हंगामभर सामने चालतात आणि गर्दी अशी की दुसऱ्या शहरांतल्या व्यावसायिक संघांना हेवा वाटावा. ईर्ष्याही तशीच असते. प्रेक्षकांत हाणामारी होते, पोलीस येतात, स्पर्धा थांबते, मग समझोता होऊन पुन्हा सुरू होते. म्हणून ही व्यवस्था जशीच्या तशी उचलून कुठे नेता येणार नाही. पण खेळण्यासाठी कोणाच्या ओळखीची चिठ्ठी लागत नाही, तालमीत रोज जाणं पुरतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

फाटक उघडं असलं तरी निम्मी वस्ती आत येत नाही, हे कोल्हापूरच्या तालमींना लागू आहे आणि मुंबईच्या मैदानांनाही. मुली कुठे खेळतात? मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेभोवती जमलेल्या मुलींनी काही वर्षांपूर्वी फुटबॉल सुरू केला तेव्हा पहिली अडचण चेंडूची नव्हती. मैदान कायम मुलांनी भरलेलं असायचं. मुलींनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, आमदारांकडे निवेदन घेऊन गेल्या, आपल्यासाठी राखीव जागा आणि वेळ मागितली. बुरखा घालून येणारी आणि न घालणारी, मुस्लिम आणि हिंदू, अशा एकत्र खेळू लागल्या. राखीव वेळ ही मागणी पुरुषांना अन्यायाची वाटते, पण एरवी आठवड्याचे सगळे तास कोणाला राखीव असतात हे मैदानात पाच मिनिटं उभं राहिलं तरी दिसतं. दुसरी गोष्ट त्याहून साधी. मैदानाजवळ स्वच्छ, दिवा लागणारं, आतून कडी असलेलं स्वच्छतागृह नसेल तर मुलगी तासाभरात घरी जाते. क्रीडा संकुलांच्या उद्घाटनाच्या भाषणांत हा विषय क्वचितच निघतो.

कुंपणाबाहेर राहिलेल्यांना एखादा माणूस आत बोलावतो, असंही घडतं. आझाद मैदानाशेजारी बॉम्बे जिमखान्यात रग्बी खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी यांना फॅशन स्ट्रीटच्या फुटपाथवरची पोरं कुंपणाबाहेरून सामने बघताना दिसत. त्यांनी त्यांना खेळायला बोलावलं आणि त्यातून १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था निघाली. नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलच्या निमित्ताने एकत्र आणलं. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट त्यांच्यावरूनच आला. पण बारसे सर आणि आचरेकर सर दर वॉर्डात मिळतील या भरवशावर शहर चालवता येत नाही. महापालिकेने प्रत्येक मोठ्या मैदानासाठी संध्याकाळी चार ते आठ पगारी प्रशिक्षक आणि एक कायमचा माळी नेमला, तर त्याचा खर्च एखाद्या सुशोभीकरणाच्या टेंडरपुढे किरकोळ निघेल. शाळांची मैदानंही आहेत. साडेपाचला शाळा सुटते आणि फाटकाला कुलूप लागतं. भिंतीपलीकडे मुलं रस्त्यात गाड्या चुकवत खेळत असतात. रखवालदाराचा जादा भत्ता आणि विम्याची जबाबदारी कोणाची, या दोन प्रश्नांवर गाडी अडते. दोन्ही प्रश्न सुटण्यासारखे आहेत.

मेट्रो ३ च्या कामासाठी आझाद मैदानाचा काही भाग वर्षानुवर्षं पत्र्याआड गेला होता. दुसरीकडे महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचा करार २०२४ मध्ये झाला. दक्षिण मुंबईत इतकी मोठी जमीन लोकांच्या हाती पुन्हा लवकर येणार नाही. मोठ्या उद्यानांच्या चित्रांत कारंजी, वळणावळणाच्या वाटा, फुलांचे ताटवे आणि सेल्फीच्या जागा भरपूर असतात. सपाट, बिनकामाचं दिसणारं, चुन्याच्या रेषा मारता येतील असं रान आर्किटेक्टला चित्रात रिकामं वाटतं. त्या १२० एकरांत असं रान किती सुटतं, ते रात्री किती वाजेपर्यंत उघडं राहतं आणि वरळी-महालक्ष्मीच्या चाळींतून तिथे चालत जायला किती फाटकं ठेवली जातात, यावर सूचना-हरकती मागवल्या गेल्या की क्रिकेटच्या क्लबांनी आणि कबड्डीच्या मंडळांनी आपले अर्ज वेळेवर टाकलेले बरे.